शाळेतल्या प्रार्थनेवर नववीच्या वर्गात चर्चा कशी घ्यावी

सहामाहीचे पेपर वाटून झाले की मी नववीच्या वर्गात दोन तास एका प्रश्नासाठी राखून ठेवते: शाळेने मुलांकडून प्रार्थना म्हणवून घ्यावी का? परळ-लालबाग भागातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी २२ वर्षं इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते आहे. वर्गात ५२ मुलं. त्यांत गणपतीत रात्रभर मंडपात जागणारी आहेत, रोजे धरून परीक्षेला बसणारी आहेत, रविवारी न चुकता चर्चला जाणारी दोन-तीन आहेत, ६ डिसेंबरला आईवडिलांबरोबर चैत्यभूमीच्या रांगेत उभी राहणारी आहेत. असा वर्ग पुढ्यात असताना हा विषय काढायला धीर लागतो. जवळच्या शाळांतल्या दोन बाईंनी मला विचारलं, ‘भांडणं न होता हे तुम्ही कसं जमवता?’ त्यांच्यासाठी आणि ज्या कुणाला हा तास घ्यावासा वाटतो त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी चर्चा आपल्या शाळेपासून सुरू करत नाही. ती अमेरिकेतल्या शाळांपासून सुरू करते. तिथे हा वाद पावणेदोनशे वर्षं चालू आहे, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे निकालावर निकाल आहेत, आणि आपल्या मुलांपैकी कुणाचंच घर त्यात गुंतलेलं नाही. न्यूयॉर्कच्या प्रार्थनेवर बोलताना कुणाला आजीचा देव्हारा आठवत नाही. मुलं मोकळेपणी डोकं चालवतात. आपल्या अंगणात यायचं ते शेवटी, आणि तेही हळूच.

आधीची तयारी

लागोपाठचे दोन तास मिळवा. एका तासात हे उरकायला गेलात तर पहिल्या अर्ध्या भागातला आवेश तेवढा मुलांच्या डोक्यात राहील आणि तो घेऊन ती मधल्या सुट्टीत बाहेर पडतील. मी शनिवार निवडते, कारण शनिवारी शाळा लवकर सुटते आणि मुलांचं मन हलकं असतं. निवडणुकीच्या दिवसांत हा तास घेऊ नका. कुठल्याही धर्माच्या मोठ्या सणाच्या आठवड्यातही नको. मोठ्या बाईंच्या कानावर आधी घालून ठेवा, तुम्ही काय शिकवणार आहात ते एका कागदावर लिहून द्या. पालकांचा फोन आलाच तर त्यांच्याकडे उत्तर तयार हवं.

फळ्यावर लिहायचा पहिला शब्द ‘पब्लिक स्कूल’. हा गोंधळ सुरुवातीलाच निस्तरावा लागतो. आपल्याकडे ज्या इमारतीवर ‘पब्लिक स्कूल’ अशी पाटी असते तिची फी लाखात असते. मुलांना तेच माहीत. अमेरिकेत पब्लिक स्कूल म्हणजे करातून चालणारी, फुकट शिकवणारी शाळा, आपल्या महापालिकेच्या शाळेसारखी. सगळा वाद या शाळांचा आहे. तिथल्या खासगी शाळा, चर्चच्या शाळा काय प्रार्थना म्हणतात याच्याशी कोर्टाला देणंघेणं नाही. हे पाच मिनिटांत स्पष्ट केलं नाही तर तास संपेपर्यंत कुणीतरी विचारत राहतं, ‘मग कॉन्व्हेंटमध्ये कशी चालते?’

त्याच्या खाली एक वाक्य लिहा. अमेरिकेच्या राज्यघटनेची पहिली दुरुस्ती, १७९१ सालची. तिचा धर्माबद्दलचा भाग एवढाच आहे की संसदेने धर्माची स्थापना करणारा कायदा करू नये आणि धर्म पाळायला मनाई करणाराही करू नये. एका वाक्यात दोन हुकूम. मुलांना दोन रंगांच्या खडूंनी अधोरेखित करायला लावा. शाळेने प्रार्थना म्हणवून घेतली तर पहिला हुकूम मोडतो असं एक बाजू म्हणते, शाळेने प्रार्थना थांबवली तर दुसरा मोडतो असं दुसरी म्हणते. वाद या दोन रंगांमधला आहे हे एकदा दिसलं की मुलं पटकन पकडतात.

पहिला तास: बावीस शब्द

आता प्रार्थना. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने १९५१ मध्ये एक प्रार्थना स्वतः रचून शाळांना सुचवली होती. इंग्रजीत ती फक्त २२ शब्दांची. मी तिचं मराठी फळ्यावर लिहिते: ‘हे सर्वशक्तिमान परमेश्वरा, आमचा भार तुझ्यावर आहे हे आम्ही जाणतो, आमच्यावर, आमच्या आईवडिलांवर, शिक्षकांवर आणि देशावर तुझी कृपा असू दे.’ दोनदा मोठ्याने वाचते आणि विचारते, यात कुणाला काही खटकतं का?

दर वर्षी उत्तर तेच येतं. ‘बाई, यात वाईट काय आहे? छान तर आहे.’ खरंच छान आहे. मंडळाने ती मुद्दाम अशी लिहिली होती की ख्रिस्ती, ज्यू कुणालाच त्रास होऊ नये. येशूचं नाव नाही, कुठल्या चर्चचा उल्लेख नाही. शिवाय ज्या मुलाला म्हणायची नाही त्याने गप्प राहावं किंवा वर्गाबाहेर जावं, अशी सोय होती. तरी लाँग आयलंडवरच्या न्यू हाइड पार्क इथल्या दहा विद्यार्थ्यांचे पालक कोर्टात गेले, आणि २५ जून १९६२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध १ मतांनी ही प्रार्थना घटनाबाह्य ठरवली. ‘एंगल विरुद्ध विटाली’ हे ते प्रकरण.

निकालाचं कारण लगेच सांगू नका. इथे थांबा. मुलांना दोन-दोनच्या गटांत पाच मिनिटं द्या आणि न्यायाधीश होऊन कारण शोधायला सांगा. माझ्या वर्गात एकदा एका मुलाने उभं राहून सांगितलं होतं, ‘बाई, सरकारने रस्ते बांधावेत, प्रार्थना कशाला लिहावी?’ न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी निकालात जे लिहिलं त्याचा गाभा हाच आहे: लोकांनी म्हणायच्या प्रार्थना रचणं हे सरकारचं कामच नव्हे. तो मुलगा करी रोडच्या नाक्यावर वडापावची गाडी लावणाऱ्याचा. त्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला होता ते मला अजून आठवतं.

पण विरोधातलं एक मतही तेवढ्याच आदराने सांगा. न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट म्हणाले की ज्या मुलांना प्रार्थना म्हणायची आहे त्यांना ती म्हणू दिल्याने कुठला सरकारी धर्म स्थापन होत नाही. वर्गातली निम्मी मुलं स्टुअर्टच्या बाजूने असतात. असू द्या. त्यांना हरवायला आपण आलेलो नाही.

बाहेर जायची सोय होती ना, मग सक्ती कुठली, हा प्रश्न येणारच. याचं उत्तर मी तोंडाने देत नाही. एका मुलाला सांगते, उठ, दार उघड, बाहेर जाऊन उभा राहा. तो जातो. ५१ जण त्याच्याकडे बघतात. मी मुद्दाम मिनिटभर गप्प बसते. मग त्याला आत बोलावून विचारते, कसं वाटलं? एका वर्षी उत्तर आलं, ‘बाई, काही केलं नव्हतं तरी शिक्षा झाल्यासारखं वाटलं.’ (हे ज्याला करायला सांगाल तो वर्गातला बिनधास्त, बहुसंख्य घरातला मुलगा असावा. जो आधीच एकटा आहे त्याला कधीही बाहेर पाठवू नका.)

पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या ॲबिंग्टनचं प्रकरण आलं. तिथल्या कायद्याप्रमाणे रोज सकाळी शाळेत बायबलमधली दहा वचनं वाचली जात. एका सोळा वर्षांच्या मुलाने १९५६ मध्ये निषेध म्हणून त्या वेळी स्वतःशी कुराण वाचलं आणि त्याला मुख्याध्यापकांकडे पाठवण्यात आलं. त्याच्या कुटुंबाने खटला लढवला आणि ८ विरुद्ध १ मतांनी जिंकला. हे प्रकरण नववीला फार भावतं, कारण नायक त्यांच्याहून दोनच वर्षांनी मोठा. यातून एक गोष्ट मात्र मुलांच्या वहीत उतरवून घ्या: धर्म शिकवणं वेगळं आणि धर्मांविषयी शिकवणं वेगळं. त्याच निकालात न्यायालयाने म्हटलं आहे की धर्मांचा तुलनात्मक अभ्यास झाल्याशिवाय शिक्षण पुरं होत नाही असं म्हणता येईल. बायबल अभ्यासाचं पुस्तक म्हणून वाचायला हरकत नव्हती, उपासना म्हणून वाचवून घ्यायला होती. मी वर्गात वारकरी संप्रदाय शिकवते, सुफी शिकवते, बौद्ध धम्म शिकवते, तेव्हा याच रेषेवर चालत असते.

दहा मिनिटं इतिहासाला द्या. कारण मुलांना वाटतं हा भांडखोर नास्तिकांनी उकरून काढलेला वाद आहे. तसं नाही. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात दंगली झाल्या, माणसं मेली, दोन कॅथलिक चर्च जाळली गेली. ठिणगी पडली होती ती शाळेत प्रोटेस्टंटांचं बायबल वाचायचं की कॅथलिकांचं, यावरून. दोन्हीकडची माणसं ख्रिस्तीच, देव मानणारी. शाळेत प्रार्थना हवी म्हटलं की दुसरा प्रश्न लगेच दारात येतो, कुठली?

‘अमेरिकेत प्रार्थनेवर बंदी’ हा फॉरवर्ड

पालकांच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक मजकूर फिरतो की अमेरिकेत शाळेत प्रार्थनेवर बंदी आहे आणि म्हणून तिथे असं असं झालं. कुणी ना कुणी तो वर्गात आणतंच. याला नीट उत्तर द्या, कारण इथेच बहुतेकांची समजूत चुकते. मूल शाळेत प्रार्थना करू शकतं. डबा उघडताना डोळे मिटू शकतं, गणिताच्या पेपरआधी पुटपुटू शकतं. १९८४ च्या एका कायद्याप्रमाणे माध्यमिक शाळेत इतर मंडळांना जागा मिळत असेल तर मुलांनी स्वतः चालवलेल्या धार्मिक मंडळालाही द्यावी लागते. अडवलं आहे ते शाळेला, शिक्षकाला, मुख्याध्यापकाला. १९६२ च्या निकालावर देशभर संताप उसळला तेव्हा राष्ट्राध्यक्ष केनेडींनी पत्रकारांना सांगितलं की यावर सोपा उपाय आहे, आपण स्वतः प्रार्थना करावी, घरी अधिक करावी. तरी संताप शमला नाही. शाळेत प्रार्थना परत आणणाऱ्या घटनादुरुस्तीवर १९८४ मध्ये सिनेटमध्ये मतदान झालं, ५६ विरुद्ध ४४. बहुमत होतं, दोन तृतीयांश नव्हतं. म्हणून पडली.

हे समजवायला मी परिपाठाचा माईक वर्गात आणून टेबलावर ठेवते. शिपाईदादांना आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. मग फळ्यावर तीन प्रश्न: माईक कुणाचा? ऐकणाऱ्याला उठून जाता येतं का? बोलणारा गुण देणारा, संघ निवडणारा आहे का? टेक्सासमधल्या सँटा फे इथल्या शाळेत फुटबॉलच्या सामन्याआधी एक विद्यार्थीच माईकवरून प्रार्थना म्हणायचा, मुलांनीच त्याला मतदानाने निवडलेलं. २००० साली न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तीही थांबवली, कारण मैदान शाळेचं, माईक शाळेचा, कार्यक्रम शाळेचा. आणि मतदानात जो थोड्यांमधला आहे तो दर वेळी हरणारच. टेबलावर माईक समोर असला की हे सांगताना माझं निम्मं काम तोच करतो.

मौनाचा मिनिट, पदवीदान समारंभातला धर्मगुरू, भिंतीवर लावलेल्या बायबलमधल्या दहा आज्ञा, या सगळ्यांवर निकाल आहेत. वेळ नसेल तर सोडून द्या. एवढं मात्र सांगा की वाद मिटलेला नाही. १९८० मध्ये केंटकी राज्याचा दहा आज्ञा वर्गात लावण्याचा कायदा रद्द झाला होता, तरी २०२४ मध्ये लुइझियानाने पुन्हा तसाच कायदा केला आणि लोक पुन्हा कोर्टात गेले.

दुसरा तास: प्रशिक्षक आणि संघ

मधल्या सुट्टीनंतर वर्ग दोन भागांत वाटा. कुणाला कुठली बाजू पटते ते विचारू नका, चिठ्ठ्या टाका. यामुळे घरची मतं घरी राहतात आणि प्रत्येकाला कधी ना कधी परक्या बाजूने बोलावं लागतं.

प्रकरण ब्रेमर्टनचं, वॉशिंग्टन राज्यातलं. शाळेचा एक सहायक फुटबॉल प्रशिक्षक प्रत्येक सामना संपल्यावर मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून प्रार्थना करायचा. (हा अमेरिकन फुटबॉल, अंडाकृती चेंडूचा, हे सांगा, नाहीतर मुलांच्या डोळ्यांपुढे मेस्सी येतो.) शाळेने त्याला थांबायला सांगितलं, तो थांबला नाही, २०१५ मध्ये त्याला सक्तीच्या रजेवर पाठवलं. २७ जून २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. बहुमताचं म्हणणं, सामना संपला होता, ही त्या माणसाची खासगी, शांत प्रार्थना होती, नोकरी धरली म्हणून माणूस आपला धर्म फाटकाबाहेर ठेवून येत नाही. न्यायमूर्ती सोटोमेयर यांनी विरोधी मतात थेट फोटो छापले: प्रशिक्षक मधे, भोवती खेळाडू गुडघ्यांवर. एका खेळाडूच्या वडिलांची तक्रार होती की आपण सामील झालो नाही तर खेळायला कमी मिळेल अशी भीती मुलाला वाटत होती.

दोन्ही बाजूंना अर्धा तास लढू द्या. इथे मुलांना कुठल्या पुस्तकाची गरज लागत नाही. शिवाजी पार्कवर नेट लावणाऱ्या सरांना सगळे ओळखतात. ‘सरांनी सामन्याआधी नारळ फोडला आणि तू मागे राहिलास तर?’ असा प्रश्न एका मुलीने विरुद्ध बाजूला विचारला होता. समोरचा, शाळेच्या अकरा जणांतला, बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘सर काही म्हणणार नाहीत. पण मी मागे राहणार नाही.’ मी तेवढं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि खाली दोन्ही बाजूंची सही घेतली, कारण प्रशिक्षकाच्या बाजूनेही तेच वाक्य वापरता येतं: सर काहीच म्हणत नाहीत, मग दोष त्यांचा कसा?

माझं मत मुलं विचारतात. मी सांगते, लपवत नाही. मला हा निकाल पटत नाही. ज्याच्या हातात मुलाचं भवितव्य आहे त्याची कुठलीही कृती मुलांसमोर पुरती खासगी राहत नाही. पण मत सांगायचं ते चर्चा संपल्यावर, आणि ‘हे माझं’ असं म्हणून.

मग बाजू फिरवा

या तासाचा सगळ्यात मोलाचा भाग हा आहे, त्याला घाई करू नका. इथवर मुलांनी पाहिलेली प्रार्थना दुसऱ्याची होती. आता आपली वस्तू त्यांच्या शाळेत नेऊन ठेवायची.

न्यू जर्सीतल्या काही सरकारी शाळांत १९७५-७६ मध्ये भावातीत ध्यानाचा ऐच्छिक वर्ग सुरू झाला. महर्षी महेश योगींचं ते तंत्र. वर्ग घेणारे म्हणत, हा धर्म नाही, हे शास्त्र आहे. पण मंत्र मिळण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याला रविवारी, शाळेबाहेर, एका पूजेला यावं लागे. येताना फळं, फुलं आणि पांढरा रुमाल आणायचा. शिक्षक गुरुदेवांच्या तसबिरीपुढे संस्कृत श्लोक म्हणून ते अर्पण करी. मी मुलांना विचारते, ही प्रार्थना आहे का? आपल्या वर्गात फळं, फुलं, तसबीर आणि संस्कृत श्लोक म्हणजे काय ते कुणाला समजवावं लागत नाही. ‘पूजाच की बाई!’ १९७७ मध्ये तिथल्या कोर्टाने तेच म्हटलं आणि १९७९ मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. या वर्गाविरुद्ध कोर्टात गेलेल्यांनी ज्या आधारावर दाद मागितली, तो आधार १९६२ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या पालकांनी मिळवून दिलेला होता.

मग कॅलिफोर्नियातलं एन्सिनिटास. शाळेत योगासनं शिकवत होते, काही पालक म्हणाले हा हिंदू धर्म आहे. शाळेने संस्कृत नावं काढली. सूर्यनमस्काराचं नाव ‘सुरुवातीचा क्रम’ झालं, पद्मासनाला बालवाडीतल्या बडबडगीतासारखं नाव मिळालं. २०१५ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, हा व्यायाम आहे, चालू द्या. आणि अलाबामा राज्य: १९९३ पासून सरकारी शाळांत योगावर बंदी, २०२१ मध्ये उठली ती या अटीवर की मंत्र म्हणायचे नाहीत, आसनांची नावं फक्त इंग्रजीत, आणि ‘नमस्ते’ म्हणायचं नाही.

‘नमस्ते’ म्हणायचं नाही, हे ऐकलं की वर्ग पेटतो. पहिल्या तासाला ‘यात वाईट काय आहे’ म्हणणारी मुलंच सगळ्यात चिडलेली असतात. ‘नमस्कार करण्यात कसला आला धर्म?’ त्यांना बोलू द्या. पुरतं बोलू द्या. मग फळ्यावरची ती बावीस शब्दांची प्रार्थना अजून पुसलेली नसेल, तिच्याकडे बोट दाखवा आणि काही बोलू नका. एखाद-दुसऱ्या मुलाला लगेच कळतं. बाकीच्यांना घरी जाताना कळेल, कदाचित पाच वर्षांनी कळेल.

कुणी विचारतंच की मग दिवाळीचं काय. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना २०२४ पासून दिवाळीची सुट्टी आहे. मुलांना विचारा, सुट्टी देणं आणि आरती म्हणवून घेणं यात फरक काय. पाच मिनिटांत छान उत्तरं येतात.

आपल्याकडे

आता भारताची राज्यघटना उघडा. कलम २८. संपूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. आणि तिसरा भाग, जो मी मुलांकडून दोनदा वाचून घेते: सरकारने मान्यता दिलेल्या किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेत कुणालाही धर्मशिक्षणाला किंवा धार्मिक उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही, त्याची स्वतःची संमती हवी, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकाची. आमची शाळा अनुदान घेते. म्हणजे हे कलम आमच्या पटांगणावर लागू आहे, सकाळी सात वाजता, परिपाठाला.

इथे दोन खटले शेजारी शेजारी ठेवा. अमेरिकेत ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाची मुलं झेंड्याला वंदन करत नसत, त्यांची श्रद्धा तशी. १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेची बाजू घेतली. तीनच वर्षांनी, १४ जून १९४३ ला, ऐन महायुद्धात, त्याच न्यायालयाने तो निकाल फिरवला. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी लिहिलं की कुठलाही अधिकारी, मोठा असो की क्षुल्लक, लोकांनी काय मानावं हे ठरवू शकत नाही. केरळमध्ये त्याच पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण गायची नाहीत, म्हणून शाळेतून काढली गेली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्यांना परत शाळेत पाठवलं. निकाल लिहिताना न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्या अमेरिकन खटल्यांचीही चर्चा केली, आणि शेवटी लिहिलं: आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान सहिष्णुतेचा उपदेश करतं, आपली राज्यघटना ती आचरते, ती पातळ करू नका.

‘मोठा असो की क्षुल्लक’ या शब्दांपाशी मी दर वर्षी अडते. २००९ साली माझ्याकडे परिपाठाच्या शिस्तीची पाळी होती. सरस्वतीची प्रार्थना चालू होती आणि सहावीच्या रांगेतली एक मुलगी हात खाली सोडून उभी होती. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत राहणारी, अभ्यासात हुशार, वर्गात सारखं काहीतरी विचारणारी. मी जवळ गेले आणि तिचे दोन्ही हात धरून जोडले. रागाने नाही, अगदी मायेने. तिने ते तसेच ठेवले. पुढच्या पालकसभेला तिची आई आली. म्हणाली, ‘बाई, आम्ही तिला सांगितलंय, हात बुद्धापुढे आणि बाबासाहेबांपुढे जोडायचे. तुम्ही जोडलेत म्हणून ती घरी येऊन रडली. पण तिला काही बोलू नका हं, ती करेल तुम्ही सांगाल तसं.’ आणि ती मुलगी करत राहिली. रोज हात जोडून, मान खाली. त्या वर्षी तिने वर्गात परत काही विचारलं नाही.

२०१३ मध्ये लोकलमध्ये पेपर वाचताना बातमी दिसली. नाशिकच्या एका शाळेत प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार देणाऱ्या शिक्षकाची वरची वेतनश्रेणी अडवून ठेवली होती, आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. मुलुंडपासून करी रोडपर्यंत मी तेवढीच बातमी वाचत होते. शिक्षकाला कोर्टात जाता आलं. सहावीतल्या मुलीला कुठे जाता येणार होतं? त्याच वर्षी मी हा तास सुरू केला.

मला स्वतःला परिपाठ आवडतो. पहाटेच्या गारव्यात तीनशे मुलांचा एक सूर लागतो तेव्हा अंगावर काटा येतो. हेही मी मुलांना सांगते, कारण हा तास प्रार्थनेच्या विरुद्ध आहे अशी समजूत घेऊन कुणी घरी जायला नको.

चिठ्ठ्या आणि नंतर

शेवटची दहा मिनिटं चिठ्ठ्यांची. हात वर करायला लावू नका. कुणाचा धर्म विचारू नका, ‘तुमच्यात काय करतात’ असं तर कधीच नाही. कोरे कागद वाटा, नाव लिहायचं नाही, प्रश्न एकच: प्रार्थनेच्या वेळी तुझ्या मनात काय चालू असतं? माझ्याकडे आलेल्या काही: ‘पोटात भूक.’ ‘घरी रोज भांडण असतं, इथे सगळे एका आवाजात बोलतात ते बरं वाटतं.’ ‘मी ओठ हलवतो फक्त.’ ‘माझ्या अम्मीला माहीत नाही की मला ही चाल आवडते.’ चिठ्ठ्या वर्गात वाचून दाखवायचा मोह आवरा. ५२ जणांत अक्षर ओळखणारं कुणीतरी असतंच. मी त्या घरी नेते, वाचते आणि नष्ट करते.

कुणी चर्चेत दुसऱ्याच्या देवाबद्दल वाईट बोललं तर तास तिथेच थांबवा. ओरडू नका. ‘हे वाक्य न्यायाधीशांसमोर चालेल का?’ एवढं विचारा आणि त्यालाच ते दुरुस्त करून पुन्हा बोलू द्या. पालकांचा फोन आला तर शाळेत बोलवा आणि कलम २८ चं पान समोर ठेवा. तीन वेळा आलेत पालक माझ्याकडे. दोघे वाचून शांतपणे गेले. तिसरे चिडूनच गेले, पण त्यांनी मुलाला पुढच्या वर्षीच्या वादविवाद स्पर्धेला पाठवलं.

मोठ्या बाईंशी बोलून आम्ही परिपाठात एक सूचना घातली आहे. वर्षाच्या सुरुवातीला एकदा माईकवरून सांगितलं जातं: ज्यांना म्हणायची आहे त्यांनी म्हणावी, बाकीच्यांनी शांत उभं राहावं. प्रार्थनेच्या वेळी शिस्तीच्या पाळीचा शिक्षक रांगांमधून फिरत नाही. माझी पाळी असते तेव्हा मी सगळ्या रांगांच्या मागे जाऊन उभी राहते. मागून कुणाचे हात दिसत नाहीत.